‘श्यामची आई’ आजच्या मुलांना द्यावी का?

मे महिन्याची सुट्टी लागली त्या दिवशी आमची लेक शाळेच्या वाचनालयातून एक जुने पुस्तक घेऊन घरी आली. पुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी पडलेली, मधल्या एका पानावर कोणीतरी पेन्सिलीने बैलगाडी काढलेली. ती आठवी संपवून नववीत चालली आहे. सुट्टीत एक मराठी पुस्तक वाचा आणि त्याविषयी दोन पाने लिहून आणा, असे शाळेने सांगितले होते. तिला मिळाले ते साने गुरुजींचे ‘श्यामची आई’.

दहावीत गेलेल्या मुलाने पुस्तक उचलून पाहिले आणि परत ठेवले. “रडकं पुस्तक आहे. सगळे रडतात यात,” एवढेच तो बोलला. तो इंग्रजी माध्यमात शिकतो. मराठी त्याला सक्तीची म्हणून आहे, आवडीची म्हणून नाही.

त्याच आठवड्यात जुम्याच्या नमाजनंतर सोपाऱ्याहून बडे अब्बा आले. त्यांनी पुस्तक चाळले. सावित्री-व्रत, सोमवती अवस ही प्रकरणांची नावे वाचून त्यांनी आमच्याकडे पाहिले. “घरात कुराण आहे, सीरतची पुस्तके आहेत. मुलांच्या तरबियतसाठी हे कशाला?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात आलेला होता.

एकाच पुस्तकाबद्दल दोन शंका होत्या. मुलगा म्हणत होता, हे जुने झाले. बडे अब्बा म्हणत होते, हे आपले नाही. मराठी बोलणाऱ्या अनेक मुस्लिम घरांत या दोन्ही शंका येत असतील, म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पुस्तकाची ओळख

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला झाला. पालगड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, म्हणून मुलांना ते शिक्षकापेक्षा घरच्या माणसासारखे वाटत. स्वातंत्र्यलढ्यात ते तुरुंगात गेले आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. १९३५ साली ते छापून आले.

त्याची रचना सोपी आहे. आश्रमातला श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. एकेकाळी खोतीचे सुख पाहिलेले घर वाटण्या, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांत हळूहळू कसे खाली येते आणि त्या पडझडीत एक आई मुलांना कसे वाढवते, एवढीच त्याची कथा. कादंबरी म्हणा किंवा आत्मकथा म्हणा.

आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२१ मध्ये शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा चित्रपट काढला, तोही कृष्णधवल, आणि त्यालाही उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे पुस्तक विसरले गेलेले नाही. पण पुरस्कार मिळणे वेगळे आणि मोबाइल बाजूला ठेवून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने ते वाचणे वेगळे.

‘आपले’ कोणते?

बडे अब्बांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की याच साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ नावाचे पुस्तकही लिहिले आहे. अरबस्तानची माहिती आणि हजरत मुहम्मद (स.) यांचे जीवन मराठी वाचकाला आपुलकीने समजावून सांगणारे. शेजाऱ्याचा धर्म जाणून घ्यायला जो माणूस एवढा बसला, त्याच्या घरात तासभर बसायला आपल्याला अडचण का वाटावी?

दुसरी गोष्ट आमच्या घरची. आमचे मूळ गाव दापोली तालुक्यातच, पालगडहून एका एसटीच्या अंतरावर. आम्ही नोकरीमुळे वटारला येऊन राहिलो. इथे पानवेलींचे मळे आहेत, केळीच्या वाड्या आहेत, पावसाळ्यात भरून वाहणारी बावखले आहेत. शेजारी बहुतेक कुपारी ख्रिस्ती आणि वाडवळ. पलीकडे नंदाखाल. त्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले, आणि मराठीला ते आपलेच वाटले. भाषा अशी असते. जो तिच्यात राहतो, तिची ती होते. आमच्या मागे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांसारखे मराठीत लिहिणारे सूफी संत उभे असताना मराठी पुस्तकाला आपण परके कसे म्हणायचे?

बडे अब्बा म्हणाले, “ठीक आहे. पण मुलांना एकट्याने वाचायला देऊ नका. बसून वाचा.” त्यांनी हे अट म्हणून सांगितले. पुढे कळले की सगळ्यात मोलाचा सल्ला तोच होता.

इशानंतरचे वाचन

आमचे ठरले, रोज इशाची नमाज झाली की एक प्रकरण मोठ्याने वाचायचे. लेक वाचणार, बाकी ऐकणार. शेजारची दोन कुपारी भावंडेही येऊन बसू लागली, सहावीतला मुलगा आणि नववीतली त्याची बहीण. दादी पलंगावर. आमचा मुलगा दाराशी मोबाइल घेऊन, ‘मी ऐकत नाही’ असे दाखवत.

पहिल्या आठवड्यात शब्दांनीच दमवले. सोवळे, ओवळे, मुंज, नैवेद्य. अर्थ सांगता सांगता आमचीच तारांबळ उडाली. पण पत्रावळ, उखळ, मुसळ, कांडण, जाते हे शब्द आले आणि दादी उठून बसल्या. दादींना अक्षर ओळख नाही. मात्र पत्रावळीला पाने कोणती चालतात, ती ओली लावायची की सुकी, चोय कुठून आणायची, हे त्यांनी हाताने करून दाखवले. श्यामला पत्रावळ लावता येत नाही म्हणून वडील रागावतात, त्या प्रकरणाला मुले खूप हसली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने वाडीतून पाने आणली आणि दादींनी दोन्ही घरच्या मुलांना पत्रावळ लावायला बसवले. एकाचीही धड झाली नाही.

मग ती आंघोळीची गोष्ट आली. आंघोळ झाल्यावर श्यामला ओले पाय जमिनीवर ठेवायचे नसतात, तळव्यांना माती लागेल म्हणून. आई आपला पदर पसरते, त्यावर पाय ठेव म्हणते. आणि मग सांगते, पायांना घाण लागू नये म्हणून जेवढा जपतोस तेवढाच मनाला घाण लागू नये म्हणून जप. लेक वाचता वाचता थांबली. “अम्मी, वजू केल्यावर आपलं पण असंच होतं ना? ओले पाय चपलेशिवाय कुठे ठेवायचे नाहीत.” आम्ही काही समजावून सांगायच्या आधी तिला ते सापडले होते. परक्या घरातली गोष्ट अशी आपल्या न्हाणीघरात येते.

अळणी भाजीच्या रात्री बडे अब्बा होते. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, तिला वाईट वाटू नये म्हणून. ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. प्रकरण संपल्यावर बडे अब्बा स्वतःहून बोलले. पैगंबर साहेबांनी कधीही कोणत्याही जेवणाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही आवडले तर सोडून दिले. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. घरातल्या पुरुषांकडे बघून ते पुढे म्हणाले, “आपण मात्र सालन तोंडात जायच्या आधी बोलायला लागतो.” सगळे हसले, ते स्वतःही. पुस्तकाविषयी त्यांनी त्यानंतर तक्रार केली नाही.

जिथे पुस्तक टोचते

इथपर्यंत सगळे गोड होते. पण जुने पुस्तक आजच्या मुलांपुढे ठेवले की काही जागा टोचणारच. त्या झाकायच्या नाहीत, असे आम्ही ठरवले होते.

पहिली जागा पोहण्याची. श्याम विहिरीत पोहायला घाबरतो, माळ्यावर लपतो. आई त्याला शोधून काढते आणि मारत मारत बाहेर घालवते. मुलगा दाराशी बसून होता, तो म्हणाला, “हे चालतं? शाळेत सरांनी हात लावला तर कायदा आहे.” बरोबर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. शेजारचा सहावीतला मुलगा म्हणाला की तो बावखलात पोहायला शिकला तो बाबांनी पोटाखाली हात धरला म्हणून, मारले म्हणून नव्हे.

आम्ही पुस्तकाची बाजू घेतली नाही. त्या काळी मारणे हे प्रेमाचेच रूप समजत, एवढे सांगितले. आणि हेही सांगितले की हजरत अनस (र.) यांनी दहा वर्षे पैगंबर साहेबांची सेवा केली आणि त्या दहा वर्षांत त्यांच्या तोंडून साधा वैतागाचा शब्दही ऐकला नाही, असे हदीसमध्ये आहे. यावर मुलगा लगेच म्हणाला, “मग मागच्या वर्षी मला का मारलं होतं?” घरात शांतता झाली. चूक झाली, असे आम्हाला चारचौघांत म्हणावे लागले. सोपे नव्हते ते.

दुसरी जागा त्याहून अवघड. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी पडते. तिच्याने ती उचलवत नाही आणि गावातले कोणी हात लावत नाही. श्यामची आई मुलाला पाठवते. जा, तिला मोळी उचलून दे. लोकांनी हटकले तर घरी जाऊन आंघोळ करणार आहे असे सांग.

लेकीने पुस्तक मिटले. “मदत केली ते चांगलं. पण नंतर आंघोळ? म्हणजे ती बाई घाणेरडी?” शेजारची मुलगी म्हणाली, “त्या आजीला कळलं असेल तर तिला काय वाटलं असेल?”

मोठ्यांना सुचला नसता असा हा प्रश्न. आईच्या मनात दया आहे, पण तिच्या काळाची चौकट तिने मोडलेली नाही. आम्ही मुलांना पुढची हकिकत सांगितली. ज्या मुलाला ती मोळी उचलायला पाठवले होते, तो मोठा झाल्यावर १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसला. विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना जाता आले पाहिजे यासाठी. त्याआधी काही महिने तो महाराष्ट्रभर हेच सांगत फिरला होता. आईने एक पाऊल टाकले, मुलाने पुढची पावले टाकली. म्हणून आईला आजच्या मापाने मोजून निकाली काढू नये, आणि तिथेच थांबूही नये.

आम्हाला वाटले, विषय छान संपला. लेकीने मात्र स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. “मग आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का ठेवतो आपण?”

तो कप आमच्या खिडकीत होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. त्या मावशी आदिवासी पाड्यावरून येतात. आम्ही दोघेही सुशिक्षित, इस्लाममध्ये उच्च-नीच नाही असे लोकांना सांगणारे. तो कप वेगळा कधी झाला, कोणी केला, हे आम्हाला आठवेना. कदाचित आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासूनच. कोणी ठरवले नव्हते, आणि कोणी हटकलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा सगळ्यांना एकसारख्या कपात झाला. मावशींनी कप हातात घेऊन एकदा आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता चहा प्यायला. आम्हीही काही बोललो नाही. बोलण्यासारखे तोंड नव्हते.

जगभरातला वाद

जुन्या पुस्तकांचा हा प्रश्न आपल्याच घरचा नाही. अमेरिकेत हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही १९६० सालची कादंबरी पिढ्यान् पिढ्या शाळांत शिकवली गेली. वर्णद्वेषाविरुद्ध लिहिलेले पुस्तक. तरी त्यातले काही शब्द मुलांना अस्वस्थ करतात, म्हणून २०१७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी इथल्या शाळांनी ते आठवीच्या धड्यांतून काढले आणि देशभर चर्चा झाली. पुढच्या वर्षी तिथल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्या नावाने द्यायचे ठरवले, कारण त्यांच्या जुन्या पुस्तकांत मूळ रहिवाशांविषयी आणि कृष्णवर्णीयांविषयी दुखावणारे लिखाण होते.

दोन्हीकडे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो काढून टाका, दुसरा म्हणतो पवित्र आहे, बोट लावू नका. आम्हाला वाटते, दोघेही मुलांवर विश्वास ठेवत नाहीत. आठवी-नववीच्या मुलाला चांगले आणि टोचणारे एकाच पानावर दिसू शकते. फक्त ते बोलून दाखवल्यावर ओरडा बसणार नाही, एवढी खात्री त्याला हवी.

कर्जाची रात्र

जून लागला. पहिल्याच पावसात दोन-तीन रात्री वीज गेली, तेव्हा मोबाइलच्या उजेडात वाचन झाले. तो मोबाइल अर्थात मुलाचा. म्हणजे तो दाराशी बसलेला मुलगा आपसूक मध्ये येऊन बसला.

पुस्तकाचा शेवटचा भाग कर्जाचा आहे. सावकाराचा वसुलीचा माणूस घरी येतो आणि वाटेल ते बोलतो, तेव्हा एरवी परक्यांपुढे तोंड न उघडणारी आई त्याला सुनावते. पुढे घरावर जप्ती येते, अब्रू चव्हाट्यावर येते. हा भाग आजच्या काळात जुना वाटेल, असा आमचा अंदाज होता. तो चुकला. मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज घेऊन वसुलीवाल्यांच्या फोनने हैराण झालेल्या माणसांच्या बातम्या मुलांनी ऐकल्या होत्या. सावकार बदलला आहे, बोलण्याची रीत तीच आहे, हे त्यांना सांगावे लागले नाही.

त्या रात्री सगळे झोपायला गेल्यावर मुलगा परत आला. “आपल्यावर कर्ज आहे का?”

आहे. दादाजींच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलसाठी आम्ही नातेवाइकांकडून रक्कम उसनी घेतली होती. ती अजून फिटलेली नाही. याच कारणाने दहावीच्या महागड्या क्लासला आणि नव्या फोनला आम्ही नाही म्हणत होतो. पण कारण सांगत नव्हतो. ‘गरज नाही’, ‘लाड पुरे’ असे काहीतरी म्हणून त्याला गप्प करत होतो. मुलांना काळजी नको, हा हेतू. त्याने आमच्या नकारातून वेगळाच अर्थ काढला होता. बहिणीवर खर्च होतो, माझ्यावर नाही, असे त्याला वाटत होते. वर्षभर तो हे मनात ठेवून दाराशी बसत होता, आणि आम्ही समजत होतो की त्याला मराठीचा कंटाळा आहे.

त्याने विचारले, “कुठे लिहून ठेवलंय का, कोणाचे किती?” नव्हते. कुराणातली सर्वांत मोठी आयत सूरह बकरामध्ये आहे, आणि ती कर्ज लिहून ठेवावे, साक्षीदार ठेवावेत याविषयी आहे. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. आणि आमचा हिशेब डोक्यात! त्या रात्री बारा वाजता वहीच्या मागच्या पानावर मुलाच्या अक्षरात पहिल्यांदा तो लिहिला गेला. कोणाचे किती, कधी घेतले, किती परत केले. पुढच्या आठवड्यात ज्यांचे होते त्यांना फोन करून आकडे जुळवून घेतले. एका ठिकाणी आमच्याच आठवणीत चूक निघाली.

मुलगा एका रात्रीत श्याम झाला, असे आम्ही म्हणणार नाही. पंधरा दिवसांनी त्याने फोनचा विषय परत काढला. फरक इतकाच की या वेळी तो वही घेऊन आला होता.

दादींचा प्रश्न

शेवटची प्रकरणे जड आहेत. शिकायला दूर गेलेला श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. वाचताना लेकीचा आवाज बसला. शेजारच्या मुलीने पुस्तक हातात घेऊन पुढे वाचले. आमच्या मुलाने तोंड फिरवले. ‘रडकं पुस्तक’ हा शब्द त्या रात्री कोणीच काढला नाही.

सगळे गप्प असताना दादी बोलल्या. “पोरांनो, ती बाई जेवली कधी? एवढ्या रात्री ऐकतेय मी. सगळ्यांना वाढते, सगळ्यांचं करते. ती स्वतः पोटभर जेवल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.”

पुस्तकावरच्या टीकेतली सगळ्यात खरी टीका हीच असेल, आणि ती एका निरक्षर बाईने केली. आईचे कौतुक करता करता आपण तिच्या उपासाचेही कौतुक करू लागतो. ती थकली, आजारी पडली, तिच्यासाठी कोणी धावले नाही, आणि आपण म्हणतो किती थोर! आपल्याकडेही आईच्या पायाखाली जन्नत असल्याचे सगळे सांगतात, पण भांडी घासायची वेळ आली की ते पाय एकटेच उभे असतात. लेकीने शाळेसाठी जी दोन पाने लिहिली त्यांचे शेवटचे वाक्य दादींच्या या प्रश्नावरच होते. बाईंनी वर्गात ते वाचून दाखवले, असे तिने सांगितले.

मग द्यावे की नाही?

आमचे उत्तर आहे, जरूर द्यावे. पण वाढदिवसाला कागदात गुंडाळून, ‘वाच आणि चांगला हो’ असे म्हणून देऊ नये. मुले ती भेट कपाटात ठेवतात, आणि बरोबर करतात. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सुचतात.

एक, मोठ्याने आणि एकत्र वाचा. पुस्तक मुळातच रात्री बसून सांगितलेल्या गोष्टींचे आहे. ते कानाने चांगले कळते. रोज एकच प्रकरण पुरे. आमच्या घरी बेचाळीस रात्रींना जवळजवळ दोन महिने लागले.

दोन, व्रते, पूजा, मुंज ही प्रकरणे गाळू नका. शेजाऱ्याच्या घरात काय चालते हे आपल्या मुलांना माहीत असावे, जसे आपल्या घरात काय चालते हे त्यांच्या मुलांना माहीत असावे असे आपल्याला वाटते. आमच्याकडे बसणारी कुपारी भावंडे मध्येच आपल्या घरच्या रीती सांगायची. आमची मुले आपल्या. एकाचाही ईमान त्यामुळे डळमळला नाही.

तीन, घरातली सगळ्यात वयस्क व्यक्ती वाचनाला असलीच पाहिजे. जाते, मुसळ, खोत, दवंडी हे शब्दकोशात सापडतील, पण त्यांच्या मागची माणसे दादी-नानींकडेच आहेत, आणि तीही फार दिवस नसतील.

चार, हे एकच पुस्तक देऊन थांबू नका. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ द्या. मुलांना हसण्याचा आणि धावण्याचाही हक्क आहे. आणि सीरतची वाचनेही चालू ठेवा. बडे अब्बांची भीती अनाठायी होती, पण त्यांची इच्छा योग्य होती.

सुरुवातीला आम्ही विचारत होतो, हे जुने पुस्तक आजच्या मुलांना झेपेल का. मुलांना ते झेपले. मारल्याबद्दल माफी मागणे, कप बदलणे, कर्ज लिहून काढणे, ही कामे मुलांच्या वाट्याला नव्हती, आमच्या होती. पुस्तक वाचायला सोपे आहे, त्याच्यासमोर मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणे अवघड आहे. तेवढी तयारी असेल, तर नव्वद वर्षांपूर्वीचे हे पुस्तक आजही घरात घ्यावे.

जुलैत वाचनालयाचे पुस्तक परत करायची वेळ आली. त्याआधी मुलाने डिंक आणून पुठ्ठा चिकटवला. पेन्सिलीची बैलगाडी मात्र त्याने खोडली नाही. आता इशानंतर काय वाचायचे, असे शेजारची मुले विचारत आहेत. दादींचे म्हणणे, काहीही वाचा, पण त्यात बाई जेवलेली असली पाहिजे.